मनोविकाराचे नाव देण्याआधी लघवी तपासा : मुलांवर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात मुलांवर उपचार करणारे सर्व मनोविकारतज्ज्ञ,
आणि माहितीसाठी, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य.

विषय : लहान वयातील ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजाराची) मानसिक लक्षणे आणि त्याच्या जनुकीय धोक्याविषयी पालकांना सांगावयाच्या गोष्टी.

सन्माननीय डॉक्टर,

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली एकोणीस वर्षे मी रक्त-लघवी तपासणीची लहानशी प्रयोगशाळा चालवतो. मी डॉक्टर नाही आणि या पत्रात तसा आव आणण्याचा हेतू नाही. मात्र ज्या आजाराविषयी लिहीत आहे, तो माझ्या घरात चार महिने वावरत होता आणि त्याला ओळखण्याचे साधन माझ्याच टेबलावर एका डबीत पडून होते. म्हणून जे लिहितो आहे त्यात तक्रारीइतकीच कबुलीही आहे.

माझी मुलगी सातवीत असताना दिवाळीनंतर तिचे अक्षर बिघडले. आधी रेषेवर बसणारी ओळ हळूहळू खाली घसरू लागली, जोडाक्षरे अर्धवट राहू लागली आणि तोंडपाठ असलेला सतराचा पाढा तिला मध्येच सुटू लागला. फणीत केसांचे गुंते निघत होते, त्याचे खापर आम्ही बोअरच्या पाण्यावर फोडले. अधूनमधून कणकण असायची. टाळूला एक फोड आला होता, पण तो दुखत नसल्यामुळे कोणी मनावर घेतला नाही. जानेवारीत तिने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवून मुंग्यांची रांग दिसते म्हणून सांगितले. भिंत कोरडी होती. मी तसे म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या नाहीत हे मला कळतंय, पण त्या जात नाहीत."

जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे आम्ही गेलो, त्यांनी तिच्याशी वीस-पंचवीस मिनिटे फार आपुलकीने बोलून घेतले, अभ्यासाच्या ताणाची चौकशी केली आणि भास कमी करणारी गोळी सुरू केली. रक्त किंवा लघवी तपासण्यास त्यांनी सांगितले नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बापालाही ते सुचले नाही. दरम्यान माझ्या आईने तिला एका देवऋषीकडे नेऊन लिंबू उतरवून आणले, तेही मी अडवले नाही. मार्चमधल्या एका सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे मी तिची लघवी घेतली. लघवीतील प्रथिने दाखवणाऱ्या पट्टीचा रंग पाहून विश्वास बसेना, म्हणून जुन्या पद्धतीने परीक्षानळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. वरचा थर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गढूळ झाला. त्यात ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकले. गढूळपणा फॉस्फेटचा असता तर तो विरला असता. तो तसाच राहिला, म्हणजे ती मूत्रपिंडातून गळलेली प्रथिने होती.

पुढचे पुण्यात झाले. सी-३ आणि सी-४ ही प्रतिकारशक्तीला मदत करणारी पूरक प्रथिने घटलेली होती, स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिद्रव्ये भरपूर होती, मूत्रपिंडाच्या बायोप्सीत चौथ्या श्रेणीचा दाह होता. मेंदूचा एमआरआय मात्र स्वच्छ होता. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे, कारण एमआरआय स्वच्छ आला की आजार मेंदूचा नाही असा समज केवळ पालकांचाच असतो असे नाही. ल्युपसमुळे भास होणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही आणि मणक्यातील पाणीही कधीकधी निर्दोष निघते. तिच्या मणक्यातील पाणी काढले ते मुख्यतः क्षयाचा मेंदूज्वर नाही ना, याची खात्री करण्यासाठी, आणि आपल्याकडे ते योग्यच आहे. नंतर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग सायक्लोफॉस्फमाइड, सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असे उपचार झाले. आपल्या सहकाऱ्याने लिहिलेली गोळी पुण्याच्या डॉक्टरांनी लगेच थांबवली नाही. ती काही आठवडे चालू ठेवून मग उतरवत नेली. तिसऱ्या आठवड्यात आधी रांग तुटली, मग एखाद-दुसरी मुंगी उरली, मग भिंत रिकामी झाली.

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजेच एसएलई, हा प्रौढ स्त्रियांचा आजार म्हणून ओळखला जात असला, तरी दर पाच ते दहा रुग्णांमागे एकाचा आजार अठरा वर्षांच्या आत सुरू होतो, आणि लहानपणी सुरू झालेला आजार मूत्रपिंड व मेंदू या दोन्ही ठिकाणी प्रौढांपेक्षा अधिक आक्रमक असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने १९९९ साली ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या व मनाच्या त्रासाचे एकोणीस प्रकार ठरवून दिले. त्यांतील बारा मेंदू व मज्जारज्जूचे आणि सात बाहेरच्या मज्जातंतूंचे आहेत. चिंता, मनोदशेचे विकार, बोधनक्षमतेतील घट, तीव्र गोंधळलेली अवस्था आणि सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी संबंध सुटणे) हे पाचही त्या यादीत झटके व पक्षाघात यांच्या शेजारी बसलेले आहेत. युरोपीय व अमेरिकी संघटनांनी २०१९ साली मिळून जे वर्गीकरणाचे निकष ठरवले, त्यांत झटक्यांना पाच आणि सायकोसिसला तीन गुण आहेत. ते गुण मुख्यतः संशोधनासाठी आहेत, रुग्णासमोर बसून बेरीज करण्यासाठी नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ही लक्षणे निकषांच्या तक्त्यात आहेत याचा अर्थ रुग्ण पहिल्यांदा ल्युपसवर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञाऐवजी आपल्या दारातही येऊ शकतो. तसेही, मुलीला संधिवाततज्ज्ञाकडे न्या असे सांगितले की घरचे विचारतात, तिचे गुडघे कुठे दुखतात?

लहान मुलांतील ल्युपसच्या भासांविषयी एक गोष्ट वारंवार नोंदली गेली आहे : ते बहुधा दिसण्याचे असतात आणि पुष्कळ मुलांना ते खरे नाहीत याची जाणीव असते. माझी मुलगी मला तेच सांगत होती. ऐकू येणाऱ्या आवाजांऐवजी दिसणारे भास, त्यांच्याविषयी शाबूत असलेली समज, आणि त्याआधी काही महिन्यांत घसरलेला अभ्यास, हे तिन्ही एकत्र दिसले तर प्रश्न शरीराला विचारायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून पहिली विनंती. अठरा वर्षांखालील ज्या मुलाला नव्याने भास, भ्रम, गोंधळ, झटके किंवा काही महिन्यांत झालेली बौद्धिक घसरण आहे, त्याला पहिली गोळी देण्याआधी लघवीची पट्टी, संपूर्ण रक्तगणना आणि ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) या तपासण्या कराव्यात, रक्तदाब मोजावा, आणि टाळू, केस, बोटांची टोके व गाल यांवरून एकदा नजर फिरवावी. यांतले काहीही माझ्या गावात मिळत नाही असे नाही आणि काहीही महाग नाही. रक्तगणनेत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स कमी असणे बोलके असते. मुलीचे हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र आपण सगळेच ते लोहाच्या कमतरतेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मीही तसे किती अहवाल हातावेगळे केले असतील, मोजलेले नाही. ईएसआर खूप वाढलेला आणि सीआरपी (दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) जवळपास नेहमीसारखा, ही जोडी दिसली तर संसर्गापेक्षा ल्युपसची शंका अधिक घ्यावी, असे आम्हाला पुण्यात शिकवले गेले. हा नियम पक्का नाही, पण उपयोगी आहे.

पहिल्या गोळीच्या आधी, असे मी म्हणतो त्याला एक प्रयोगशाळेचे कारण आहे. क्लोरप्रोमाझिन आणि झटक्यांसाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन ही दोन्ही औषधे स्वतःच पेशीकेंद्राविरुद्धची अँटीन्यूक्लिअर प्रतिद्रव्ये, म्हणजे ल्युपसच्या तपासणीत पाहिला जाणारा एएनए, निर्माण करू शकतात आणि क्वचित ल्युपससारखा आजारही घडवतात. औषध सुरू होऊन काही महिने लोटल्यावर आलेला एएनएचा अहवाल आजाराचा की औषधाचा, हे ठरवणे मग अवघड होऊन बसते. तेव्हा शंका असेल तर रक्त आधी काढून ठेवावे.

दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक उदास किशोराचा एएनए करा, असे मी मुळीच म्हणत नाही. रक्तद्रव ऐंशीपट पातळ केल्यावरही, म्हणजे एकाला ऐंशी या विरलनावर, निरोगी माणसांपैकी साधारण तेरा टक्के लोकांचा एएनए सकारात्मक येतो, हे १९९७ सालच्या बहुराष्ट्रीय अभ्यासात दिसले होते. आमच्या दुकानाचा त्यात फायदाच होईल, पण निष्कारण घाबरलेले पालक नेटवर वाचून रात्री दहा वाजता मला फोन करतील. लघवी, रक्तगणना, ईएसआर किंवा तपासणीत काही सापडले, वा भास-झटक्यांचे दुसरे स्पष्टीकरण मिळेना, तर एएनए करावा. तो सकारात्मक आला तर डीएनए प्रतिद्रव्ये, सी-३, सी-४ आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्ये करावीत. यांतील शेवटची प्रतिद्रव्ये मुलांमधील कोरिया म्हणजे हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींशी आणि पक्षाघाताशी निगडित आहेत.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. उपचार सुरू झाल्यावर माझी मुलगी सलग तीन रात्री झोपली नाही, सारखी बोलत होती, रागावत होती. हा आजार उलटला की औषधाचा परिणाम, या प्रश्नावर पुण्याच्या दोन विभागांत फोनवरून जी चर्चा झाली ती मी दाराशी उभा राहून ऐकली. बोस्टनमध्ये १९७२ साली रुग्णालयातील रुग्णांवर झालेल्या प्रसिद्ध पाहणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडची रोजची मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना १.३ टक्के रुग्णांना आणि ८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर १८.४ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला होता. म्हणजे स्टेरॉइड हे खरेच कारण असू शकते. पण त्याच गोळ्या तिच्या मूत्रपिंडाला आणि मेंदूला वाचवत होत्या. आपल्याकडे असे मूल आले तर कृपया स्टेरॉइड एकदम बंद करावयास सांगू नये, देणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करावा. अचानक बंद केल्यास आजार उसळतो तो वेगळाच, पण महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्या शरीराची स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते आणि मूल कोसळू शकते. आमच्या बाबतीत ते औषधामुळेच होते, मात्रा उतरत गेली तशी झोप परत आली.

आता त्या विषयाकडे येतो, ज्याबद्दल पालक डॉक्टरांना हळू आवाजात विचारतात : हे रक्तातून आले का?

माझी पत्नी माझ्या मामांची मुलगी आहे. आपल्याकडे त्यात वावगे काही नाही. पुण्यातील समुपदेशक बाईंनी आमची वंशावळ काढली तेव्हा पुरुषांचे चौकोन, स्त्रियांची वर्तुळे आणि आम्हा दोघांना जोडणारी रेघ मात्र दुहेरी ओढली. दुहेरी का, असे मी विचारले, तेव्हा नात्यातले लग्न असे दाखवतात म्हणून त्यांनी सांगितले. घरी माझ्या आईला दोष कुणाच्या तरी माहेराला द्यायचा होता, पण सुनेचे माहेर तेच तिचेही माहेर असल्याने तिची पंचाईत झाली. एरवी अशा वेळी सगळे खापर सुनेवर फुटते, ते आमच्याकडे केवळ या योगायोगाने टळले.

ती दुहेरी रेघ निरर्थक नव्हती. बहुतेक मुलांचा ल्युपस शंभराहून अधिक जनुकीय स्थानांच्या लहान लहान ओझ्यातून आणि बाहेरच्या कारणांतून घडतो. पण थोड्या मुलांत, विशेषतः आजार पाचव्या वर्षाच्या आत सुरू झाला असेल, भावंडालाही असेल किंवा आईवडील नात्यातले असतील तर, एकाच जनुकातील बिघाड पुरेसा ठरतो. सी-१-क्यू या पूरक प्रथिनाचा पूर्ण अभाव असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना ल्युपस किंवा ल्युपससारखा आजार होतो. इतके खात्रीचे जनुकीय कारण या आजारात दुसरे नाही. हेच प्रथिन मेंदूतील मायक्रोग्लिया पेशीही तयार करतात. वाढत्या मेंदूतील पेशींमधले नको असलेले जोड छाटण्यात ते भाग घेते, हे २००७ सालच्या उंदरांवरील संशोधनातून पुढे आले. ट्रेक्स-१ या जनुकातील बिघाडाने एकार्दी-गुटिएर्स नावाचा तान्ह्या मुलांच्या मेंदूचा आजार होतो, हे २००६ साली कळले. त्याच जनुकातील काही बदल ल्युपसच्या रुग्णांतही सापडले आहेत. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सातव्या वर्षी ल्युपसचे निदान झालेल्या एका स्पॅनिश मुलीत टीएलआर-७ या जनुकातील एकाच अक्षराचा बदल शोधला. ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे मुलींना हा आजार अधिक का होतो याच्या एका धाग्याला तेथे हात लागला.

असे कारण सापडले तर उपचार बदलतो, म्हणून हे शोधणे केवळ कुतूहल नाही. सी-१-क्यू नसलेल्या मुलाला ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मातून ते पुरवता येते, आणि ते प्रथिन अस्थिमज्जेतून निघणाऱ्या पेशी बनवत असल्यामुळे काही मुलांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे करता आले आहे. अशा मुलांत सी-३ आणि सी-४ पुष्कळदा नेहमीसारखे असतात आणि त्यामुळे सगळ्यांची दिशाभूल होते. तेव्हा सीएच-५० ही पूरक प्रथिनांची एकत्रित क्रिया मोजणारी तपासणी जवळजवळ शून्य येऊन खरे सांगते. पण येथे माझ्या व्यवसायातील बांधवांचे पाप सांगितले पाहिजे. सीएच-५० चा नमुना वेळेत वेगळा करून गोठवला नाही तर ती क्रिया नमुन्यातच संपते आणि निरोगी मुलाचा अहवालही शून्याजवळ जातो. एसटीच्या पार्सलमधून तळपत्या उन्हात गेलेल्या नळीवर विसंबून कुणाच्या घराण्याचा निवाडा करू नये. नमुना बर्फातून गेला का, एवढे आपण विचारावे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर काम चालते. तेथपर्यंत जाण्याची वाट आपण दाखवली तर पालक जातात.

आमच्या मुलीच्या जनुक तपासणीत ठोस काही सापडले नाही. तिचा आजार बाराव्या वर्षी सुरू झाला, सी-३, सी-४ दोन्ही घटलेले होते, त्यामुळे ते अपेक्षितही होते. पण कागद हाती पडल्यावर आमच्या एका नातेवाइकांनी आजार आनुवंशिक नाही, म्हणून पेढे मागितले आणि दुसऱ्यांनी धाकटीचीही आताच तपासणी करून घ्या, म्हणून सुचवले. दोघेही चुकत होते आणि दोघांनाही समजावण्याइतके बळ त्या दिवशी माझ्यात नव्हते. हे काम आपण करू शकता. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्याला असण्याचे प्रमाण अमेरिकेतील १९९२ सालच्या अभ्यासात २४ टक्के आणि वेगवेगळ्या जुळ्यांत २ टक्के होते. सगळी जनुके समान असूनही चारांपैकी तिघे सुटतात. धोका आहे, पण ती कुंडली नाही, असे आमच्या समुपदेशक बाई म्हणाल्या. तेवढे एक वाक्य घेऊन आम्ही घरी आलो.

अनेक जनुकांचे ओझे मोजून काढलेल्या गुणांविषयीही आता पालक विचारू लागले आहेत. अधिक गुण असणाऱ्यांत आजार लवकर सुरू होतो आणि मूत्रपिंडाचे नुकसान जास्त होते, असे स्वीडनमधील रुग्णांच्या २०२० सालच्या अभ्यासात दिसले. मेंदूच्या व मनाच्या लक्षणांशी मात्र या गुणांचा तितका स्पष्ट संबंध लागलेला नाही. शिवाय हे गुण बसवले गेले ते प्रामुख्याने युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांवर. आपली मुले त्या मापात फार थोडी आहेत. त्यामुळे कोणत्या मुलाला भास होतील हे थुंकीच्या नमुन्यावरून सांगण्याचा दावा कोणी करीत असेल, तर आपण पालकांना त्यापासून दूर ठेवावे. ज्यांच्या घरी आधीच एखाद्याला ल्युपस आहे त्यांनी मूल चिडचिडे झाले, अभ्यासात घसरले वा विचित्र बोलू लागले तर वाट न पाहता लघवी व रक्त तपासावे, एवढाच जनुकीय धोक्याचा आजघडीला व्यवहारातला उपयोग मला दिसतो, आणि तो थोडका नाही.

आरोग्य विभागाकडे मागणी लहान आहे. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी होते, पथके शाळेत वर्षातून एकदा येतात आणि झटक्यांचा आजार त्यांच्या यादीत आहे. झटके किंवा वागण्यातला अचानक बदल आढळलेल्या मुलाला पुढे पाठवताना पथकाने लघवीची पट्टी व रक्तदाब यांची नोंद त्याच कागदावर करावी. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत अल्पवयीन रुग्ण दाखल होताना याच तपासण्या सक्तीच्या असाव्यात.

माझी मुलगी आता दहावीत आहे. अक्षर पूर्वीसारखे सुबक नाही, गणिताला तिला जास्त वेळ लागतो आणि शाळेने परीक्षेत वाढीव वेळ मिळण्यासाठी जो दाखला मागितला, तो नेमका कोणत्या विभागाने द्यायचा यावर दोन रुग्णालये अजून एकमेकांकडे बोट दाखवीत आहेत. मनोविकाराचा म्हणावा की संधिवाताचा? आपल्यापैकी कोणाला याचे उत्तर माहीत असल्यास कृपया जाहीरपणे सांगावे, कारण ही अडचण तिच्या एकटीची नसणार.

ज्यांच्याकडे माझ्या तालुक्यातील अशी मुले येतात, त्यांनी लघवीचा सकाळचा पहिला नमुना स्वच्छ बाटलीत माझ्याकडे पाठवावा. अठरा वर्षांखालील मुलाच्या चिठ्ठीवर आपण मनोविकार विभागाचा उल्लेख केला असेल, तर त्या तपासणीचे पैसे मी घेत नाही आणि अहवाल त्याच दिवशी दुपारपर्यंत देतो.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळाचालक आणि ल्युपस असलेल्या मुलीचा बाप